कोणाकडे आले, भाऊ?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, यवतमाळच्या बसस्थानकावर एखादा अनोळखी तरुण पाठीवर सॅक घेऊन उतरला आणि त्यानं टपरीवर चहा सांगितला, की पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत त्याला एक प्रश्न येतो. "कोणाकडे आले, भाऊ?" मुलगी असेल तर भाऊच्या जागी ताई, एवढाच फरक.

या प्रश्नात संशय नसतो. फार चौकसपणाही नसतो. आपल्याकडे माणूस परगावी जातो तो कारणानं जातो. लेकीकडे जातो, सोयरीक पाहायला जातो, दवाखान्यात, कचेरीत, कोर्टाच्या तारखेला, बाजाराला जातो, नाहीतर देवाला जातो. नुसतं गाव पाहायला आलो, असं कोणी म्हटलं तर ऐकणारा थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहतो आणि मग विचारतो, "पण इथं आहे तरी काय पाहायला?"

आज मला बोलायचं आहे ते या दोन प्रश्नांबद्दल. खिशात थोडेच पैसे, गावात ओळख कोणाची नाही, अशा माणसानं यवतमाळसारखं शहर कसं पाहावं? आणि असा माणूस आला तर गावाचं त्यात काय भलं आहे?

पाठीवर बिऱ्हाड घेऊन कमी पैशात फिरायचं हे खूळ परदेशातून आलं, असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्या वऱ्हाडच्या मातीला ते नवं नाही. आपल्या जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख तुडवत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं, एवढ्या सामानावर त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला. अनोळखी गावात शिरले की ते आधी रस्ता झाडायला घ्यायचे. झाडून होईपर्यंत गाव त्यांच्या ओळखीचं झालेलं असे. स्वतः उघड्यावर झोपणाऱ्या या माणसानं पंढरपूर, आळंदी, नाशिक इथं धर्मशाळा उभ्या केल्या, मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा केला. गरीब प्रवाशाला रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आता यवतमाळला यायचं कसं ते पाहू. एके काळी इथं शकुंतला यायची. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीशी नाव जोडलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला तो माणसांच्या सोयीसाठी नव्हे, इथला कापूस मुंबईच्या वाटेनं मँचेस्टरला नेण्यासाठी. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बनलेलं. १९२३ पासून ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत त्यानं गाडी ओढली, मग डिझेलचं इंजिन आलं. आता शकुंतला बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तरी मुंबई-नागपूर रेल्वेनं येणाऱ्याची जुनी रीत म्हणजे धामणगावला उतरायचं आणि एसटी धरायची.

कमी पैशात फिरणाऱ्यासाठी एसटीसारखा सोबती नाही. 'आवडेल तेथे प्रवास' ही चार किंवा सात दिवसांच्या पासाची योजना पुष्कळांना ठाऊकच नसते. एकदा पास काढला की त्या मुदतीत हव्या त्या दिशेनं फिरावं. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यामुळे आज महाराष्ट्रात स्वस्तात फिरू शकते ती बाई. फिरते किती, हा प्रश्न वेगळा, आणि त्याच्याकडे मी येणार आहे.

बसमधून उतरल्यावर मोबाइलवरचा नकाशा उघडायची घाई करू नये. यवतमाळचा नकाशा रस्त्यांच्या नावांतच आहे. धामणगाव रोड, दारव्हा रोड, आर्णी रोड, पांढरकवडा रोड. जो रस्ता ज्या गावाला जातो त्या गावाचं नाव त्याला. पायी फिरताना एवढं ध्यानात ठेवलं की माणूस चुकत नाही, आणि चुकलाच तर विचारायला दहा माणसं आहेत.

विचारावं मात्र लागतं. ज्याच्याजवळ पैसा आहे तो गाडी करतो, खोलीवर जेवण मागवतो, त्याला कोणाशी बोलायचं कारण पडत नाही. ज्याच्याजवळ कमी आहे त्याला प्रत्येक गोष्ट विचारावी लागते. स्वस्त जेवण कुठं मिळेल, कळंबची गाडी किती वाजता, ऑटोवाला दुप्पट तर सांगत नाही ना. आणि विचारता विचारता गाव उलगडत जातं. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला इथं शब्दही नवे भेटतात. रिक्षाला इथं ऑटो म्हणतात. तालुक्याच्या गावाला नेणाऱ्या सामायिक जीपला काळी-पिवळी. आणि भाजीवाल्या मावशीनं "सांबार देऊ का?" असं विचारलं तर इडलीबरोबरचं सांबार शोधू नये. ती कोथिंबिरीची जुडी पुढे करते आहे.

सकाळी तर्री-पोहे किंवा आलूबोंडा खाऊन निघालं की दुपारपर्यंत पोटाची चिंता नसते. तर्री झणझणीत असते. सवय नसेल त्यानं कमी घालायला सांगावं, त्यात लाज नाही. दिवस निवडायचे ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा यवतमाळकर स्वतःच दुपारी घराबाहेर पडत नाही. पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा, एवढं सामान मात्र बाराही महिने असू द्यावं.

आणि पाहायचं काय? दिवाळीच्या आगेमागे कापसाचा हंगाम लागला की एखाद्या जिनिंगच्या फाटकाशी जावं. कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्यांची रांग असते. आत जायला परवानगी मिळाली तर सरकी वेगळी आणि रुई वेगळी कशी होते ते दिसतं. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, आणि १७० किलो रुईची एक गाठ बांधली जाते. म्हणजे एका गाठीमागे पाच क्विंटलांच्या आसपास कापूस, आणि तो सगळा कोणीतरी, बहुधा बायांनी, वाकून बोंडाबोंडातून वेचलेला असतो. हे पाहिलेला माणूस अंगावरच्या सदऱ्याकडे पुन्हा एकदा पाहतो.

नवरात्रात आलात तर मग रात्र अपुरी पडते. यवतमाळचा दुर्गोत्सव लांबवर प्रसिद्ध आहे. सारं शहर पायी रस्त्यावर असतं, देखावे पाहायला तिकीट नाही, आणि कुठल्या ना कुठल्या मंडळाचा महाप्रसाद सुरूच असतो. एसटीनं पाऊण तासाच्या आत कळंब गाठता येतं. तिथला चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून भेटतो. टिपेश्वरचं अभयारण्य पाहायला गाडीचा खर्च येतो, तो चौघांनी वाटून घ्यावा. तिथलाच एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, २०१९ साली निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीतून फिरून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत सुमारे १३०० किलोमीटर चालत गेला. आपल्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा पायी प्रवासी तोच म्हणायचा!

श्रोतेहो, आता जरा कठीण गोष्टीकडे येतो. बाहेरच्या जगाला यवतमाळ हे नाव गेली पंचवीस वर्षं एकाच संदर्भात ऐकू येतं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले, आपल्यासह सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. त्या काळात पथकं आली, अभ्यासक आले, कॅमेरे आले. त्यांनी यावंच. दुःख झाकून कोणाचं भलं होत नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झालं, तेही योग्यच झालं.

पण गाडीतून येणारा पाहुणा ठरलेल्या घरी जातो, ठरलेले प्रश्न विचारतो आणि संध्याकाळच्या आत नागपूरला परततो. त्याला शेतकरी भेटतो तो भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत. एसटीनं येणाऱ्याला तोच शेतकरी जिवंत भेटतो. शेजारच्या सीटवर बसलेला असतो. पिशवीत पोराच्या शाळेचे बूट असतात. भावाबद्दल, पावसाबद्दल तो आपणहून बोलतो, राजकारणावर विनोद करतो, आणि उतरताना "या कधी घरी" म्हणतो. अडचण त्याच्या बोलण्यातही असतेच, पण माणूस अडचणीहून मोठा असतो, हे त्या दोन तासांत कळतं. एखाद्या जिल्ह्याला केवळ त्याच्या मरणांवरून ओळखणं हा त्या जिल्ह्यातल्या जगणाऱ्यांवर अन्याय आहे. तो थोडा तरी दूर करायचा तर असे सावकाश फिरणारे पाहुणे यायला हवेत.

पाहुण्यानंही काही पथ्यं पाळावीत. विचारल्याशिवाय फोटो काढू नये. पहिल्याच भेटीत कोणाला कर्जाचा आकडा विचारू नये. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करून तिला 'स्वस्त प्रवास' म्हणू नये. आपली काटकसर दुसऱ्याच्या पोटावर नसावी.

आणि यजमान म्हणून आपलं काय? शेगावला जाऊन पाहा. संत गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात साध्या माणसाला परवडेल अशी स्वच्छ खोली मिळते. देवाला येणाऱ्याची सोय आपण मनापासून करतो. पण ज्याचं काम देवाशी नाही, सोयऱ्याशी नाही, कचेरीशीही नाही, त्यानं रात्री पाठ कुठं टेकायची? लॉजवर गेलेल्या एकट्या मुलीला खोली देताना मालक दहादा विचार करतो. रस्त्यानं फिरताना स्वच्छ स्वच्छतागृह सापडेल की नाही या धास्तीनं ती पाणीच पीत नाही. अर्ध्या तिकिटानं तिच्यासाठी बसचं दार उघडलं, पण उतरल्यावरची दारं बंदच राहिली, तर त्या सवलतीचा उपयोग माहेर आणि सासर यापुढे जायचा नाही.

हे फार खर्चाचं काम नाही. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या महाविद्यालयांची वसतिगृहं रिकामी असतात. त्यांतल्या चार खोल्या ओळखपत्र पाहून माफक दरात पाहुण्यांना देता येतील. बसस्थानकाजवळ शहराचा एक मोठा नकाशा लावता येईल. सामान ठेवायला खात्रीची जागा करता येईल. बायकांसाठी स्वच्छ आणि कुलूप नसलेलं स्वच्छतागृह तर पाहुणा येवो न येवो, असायलाच हवं. ते आपल्याच लेकीबाळींच्याही कामाचं आहे. असा पाहुणा मोठा पैसा आणत नाही. पण जो आणतो तो चहाच्या टपरीवर, खानावळीत, ऑटोत खर्च होतो, आणि गावातच राहतो.

शेवटी एक आठवण करून देतो. दरवर्षी आपली कितीतरी मुलं-मुली अशीच पाठीवर सॅक घेऊन नागपूरला, पुण्याला, मुंबईला जातात. कोणी परीक्षेला, कोणी नोकरीच्या मुलाखतीला. खिशात मोजके पैसे आणि शहरात कोणी ओळखीचं नाही. त्यांना तिथं "कोणाकडे आले?" असं विचारणाराही कोणी भेटत नाही. रात्र कुठं काढली हे ती घरी फोनवर नीट सांगत नाहीत, आणि आपणही फार खोदून विचारत नाही. त्यांना तिथं कोणी जागा द्यावी असं आपल्याला वाटतं ना? मग वसतिगृहाच्या त्या चार खोल्यांचा विषय तुमच्या महाविद्यालयात, तुमच्या मंडळात या सुट्टीच्या आधी एकदा काढून पाहा.