काय खाल्लंस?

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रातले भाषण)



मसालेभात, मठ्ठा, जिलेबी झाल्यावर बोलायची पाळी माझ्यावर आली आहे आणि विषयही झोपेचाच आहे. कुणी डुलकी काढली तर राग मानणार नाही.

सकाळी एकाने विचारलं, "तू नक्की करतेस काय?" म्हटलं, प्रयोगशाळेत माश्यांवर काम करते. तो म्हणाला, "म्हणजे पगार घेऊन माश्या मारतेस!" मारत नाही रे बाबा, झोपवते. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं, तांबड्या डोळ्यांचं चिलट असतं ना, तीच ही माशी, ड्रॉसोफिला. गेली बावीस वर्षं मी तिच्यासाठी मक्याचं पीठ, यीस्ट, साखर आणि अगर शिजवते आहे.

माशीही झोपते, हे 2000 साली अमेरिकेतल्या दोन संशोधक गटांनी दाखवून दिलं. पेन्सिलीपेक्षा बारीक काचेच्या नळीत एक माशी ठेवायची. एका टोकाला खाणं, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा आणि मधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण. माशी फिरली की किरण अडतो, नोंद होते. सलग पाच मिनिटं हालचाल नाही, म्हणजे झोप. रात्री जागवलं तर दुसऱ्या दिवशी ती जास्त झोपते, अगदी आपल्यासारखी.

या झोपेवर खाण्याचा परिणाम होतो. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात, हे आपण दहावीला पाठ केलं होतं. 2016 साली फ्लोरिडातल्या संशोधकांना दिसलं की जेवणानंतरची माशीची झोप प्रथिनं आणि मीठ वाढवतात, साखर नाही. तेव्हा जिलेबीला दोष देऊ नका! 2019 मध्ये कोरियातल्या गटाने खाण्यात थ्रिओनिन हे अमिनो आम्ल वाढवलं, तर माश्या लवकर झोपल्या. 2023 मध्ये हार्वर्डच्या गटाने दाखवलं की प्रथिनं पोटात गेली की आतड्यातल्या पेशी एक पेप्टाइड सोडतात, ते मेंदूला निरोप देतं आणि मग नळीला हादरे दिले तरी माशी सहज उठत नाही. झोपेचा कारभार एकटा मेंदू पाहत नाही, आतडंही त्यात बोलतं.

एकदा आमच्या प्रयोगाचे आकडे जुळेनात. कुणी माश्यांच्या वाणाला दोष दिला, कुणी यंत्राला. माशी कुठे शिंकली ते शेवटी सापडलं: यीस्टचं माप मीच चुकवलं होतं. दोन महिन्यांचं काम वाया गेलं. खाण्यात काय होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा मला आठवीचा वर्ग आठवला. दुपारच्या तासाला मी बाकावर मान टाकायची, तुम्ही हसायचात. इतर तासांना मला उभं केलं जाई. एका बाईंनी मात्र मला बाहेर नेऊन हळूच विचारलं, "काय खाल्लंस?" मी कोरा चहा पिऊन आले होते. रात्रीही फारसं काही नव्हतं, म्हणून झोपही नव्हती. त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत बाईंच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी होती. हे मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.

उपाशी माशी झोपत नाही, खाणं शोधत रात्रभर फिरत राहते. हा आलेख पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते.

आता थ्रिओनिनची पावडर कुठे मिळते, हे कृपा करून विचारू नका. माशीचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. झोप येत नसेल तर डॉक्टरांकडे जा. पण तुमच्यातले जे शिक्षक आहेत, त्यांना एक विनंती आहे. वर्गात एखादं पोर डुलक्या घेताना दिसलं, तर उभं करण्याआधी त्याला जवळ घेऊन विचारा.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. प्रयोगशाळेत रोज सकाळी मी जो प्रश्न विचारते, तो तुमचाच आहे.