निरोप आणि वीज एकाच तारेतून



यवतमाळ जिल्ह्यात पावसाळ्याच्या दिवसांत वारा सुटला आणि दोन ढग गडगडले की लाइन जाते, हे काही मी आपणांस सांगायला नको. पण पूर्वी लाइन गेली म्हणजे दिवा जाई, पंखा थांबे, विहिरीवरची मोटार बंद पडे. एवढ्यावर भागत असे. आता लाइन गेली म्हणजे पंचायतीतला दाखला अडतो, शाळेची ऑनलाइन माहिती भरणे अडते, आणि त्यातून पीकविम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस असला तर एखाद्या शेतकऱ्याचे सबंध हंगामाचे संरक्षण अडून बसते. "गुर्जी, नेट काऊन चालून नाही राहिलं?" असे विचारणारा माणूस दारात उभा असतो, आणि गुरुजी डीपीच्या दिशेने पाहत असतात.

यात मौज अशी की, पुष्कळ शाळांत आणि पंचायतींत इन्व्हर्टर असतो. लॅपटॉपला तर स्वतःची बॅटरीच असते. तरीही नेट बंद! कारण लॅपटॉपपर्यंत नेट आणून देणारा वायफायचा लहानसा डबा दूर व्हरांड्यात टांगलेला असतो, आणि त्याचा अॅडॉप्टर जवळच्या भलत्याच बोर्डात खोचलेला असतो. त्या बोर्डाला इन्व्हर्टरची वीज नसते. म्हणजे वीज आहे, नेटही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ एकाच तारेत कशी घालता येते, ते आज पाहू.

ज्यांनी जुना, तारेचा टेलिफोन वापरला आहे, त्यांना एक गोष्ट आठवेल. तो फोन आपण कधी विजेच्या बोर्डात लावला नाही. गावात अंधार असला तरी त्याची घंटी वाजे. ती वीज येई कुठून? ती एक्स्चेंजमधून येई. तिथे बॅटऱ्यांची रांग असे, तिचा दाब ४८ व्होल्ट, आणि ज्या दोन तारांवरून आवाज येई त्याच दोन तारांवरून ही वीजही येई. अगदी आरंभीच्या काळात प्रत्येक टेलिफोनजवळ त्याचे स्वतःचे सेल ठेवावे लागत. मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झाले, तो काळ असा होता. पुढे सर्वांसाठी मिळून एकच मोठी बॅटरी एक्स्चेंजात ठेवण्याची पद्धत आली आणि घरोघरचे सेल गेले. शंभर ठिकाणी शंभर सेल सांभाळण्यापेक्षा एका ठिकाणी एक बॅटरी नीट सांभाळणे सोपे, एवढाच त्यातला विचार होता.

आता तांब्याच्या तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली. २०११ साली ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्र सरकारने मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. काचेचा तंतू तांब्याहून कितीतरी जास्त निरोप वाहून नेतो. पण काचेतून उजेड जातो, आपल्या डब्याला लागणारी वीज जात नाही. त्यामुळे टेलिफोनच्या तारेने जी सोय फुकट दिली होती, ती फायबरबरोबर गेली. फायबर जिथे संपतो तिथून खोल्याखोल्यांत मात्र पुन्हा तांब्याचीच केबल असते. या शेवटच्या टप्प्यावर ती जुनी सोय परत आणणे, याला 'पॉवर ओव्हर इथरनेट' किंवा थोडक्यात पीओई म्हणतात.

आपण ज्याला नेटची वायर म्हणतो, तिच्या टोकाचा पारदर्शक प्लग निरखून पाहा. आत आठ बारीक तारा दिसतील. दोन-दोन तारांना पीळ घालून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. आता प्रश्न असा की, त्याच तारांतून वीजही पाठवली तर निरोपाचा गोंधळ होत नाही का?

समजा, एका बैलगाडीत दोन पोरे उभी आहेत. कधी हे पोर टाचा उंचावते, कधी ते. पाहणारा एवढेच पाहतो की, या घटकेला दोघांत उंच कोण. तोच त्याचा निरोप. आता ती गाडी घाट चढून वर गेली तरी दोघे मिळूनच वर जातात. दोघांतला फरक तोच राहतो, निरोप बिघडत नाही. तारांच्या एका जोडीचे असेच आहे. निरोप जोडीतल्या दोन तारांच्या फरकात असतो. वीज पाठवताना सबंध जोडीच उचलून वरच्या दाबावर नेतात, आणि दुसरी जोडी, म्हणजे दुसरी गाडी, पायथ्याशी ठेवतात. दोन गाड्यांच्या उंचीतला जो फरक, तोच आपला सुमारे ५० व्होल्टचा दाब. त्यावर पलीकडचा डबा चालतो.

५० व्होल्टच का? मोबाइलच्या चार्जरसारखे ५ व्होल्ट का नाहीत? याचे उत्तर गावाबाहेरच्या ११ हजार व्होल्टच्या लाइनीत आहे. दाब जास्त ठेवला की तेवढ्याच कामाला विद्युतधारा कमी लागते, आणि तारेतला तोटा धारेच्या वर्गाने कमी होतो. शंभर मीटर केबलचा जाण्यायेण्याचा रोध जास्तीत जास्त साडेबारा ओहम धरतात. ५० व्होल्टवर ०.६ अँपिअर धारा सोडली तर साडेसात व्होल्ट वाटेत खर्च होतात. ३० वॅटपैकी साडेपंचवीस वॅट पलीकडे पोहोचतात, उरलेल्यांनी केबल किंचित कोमट होते. तेच साडेपंचवीस वॅट ५ व्होल्टवर न्यायचे तर पाच अँपिअरहून जास्त धारा लागेल आणि वाटेतच साठ व्होल्टहून अधिक हवे होतील. म्हणजे चार आण्यांचा माल आणि रुपयाचे गाडीभाडे!

या पद्धतीचे पहिले सर्वमान्य मानक २००३ साली ठरले. त्यात केबलच्या उगमाशी १५.४ वॅट आणि डब्यापाशी सुमारे १३ वॅट मिळतात. २००९ साली उगमाशी ३० वॅटपर्यंत आणि २०१८ साली चारही जोड्या वापरून ९० वॅटपर्यंत वाढ झाली. शाळेतल्या साध्या वायफाय डब्याला किंवा कॅमेऱ्याला पहिल्या दोन पायऱ्या पुरेशा असतात.

या मानकातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वेगळीच आहे. वीज देणारे यंत्र केबल लागताच ५० व्होल्ट सोडत नाही. आधी दहा व्होल्टहून कमी दाब देऊन ते चाचपून पाहते. पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा रोध सापडला तरच, 'हा घेणारा आहे,' अशी त्याची खात्री पटते. मग पूर्ण दाब सोडला जातो. पलीकडे साधा लॅपटॉप किंवा प्रिंटर असेल तर वीज सोडलीच जात नाही. केबल काढली की क्षणात वीज बंद. घेणाऱ्याला विचारून देणे, हा दानाचा नियम यंत्रानेही पाळलेला आहे.

आता एका शाळेचा हिशेब मांडू. दोन वायफाय डबे, प्रत्येकी ८ वॅट, दोन कॅमेरे, प्रत्येकी ५ वॅट, झाले २६. केबली जिथे एकत्र येतात त्या पेटीला नेटचा स्विच म्हणतात. हा बटणाचा स्विच नव्हे. पीओई असलेला असा स्विच आणि फायबरचा डबा यांना मिळून १४ वॅट धरा. एकूण ४० वॅट, म्हणजे जुन्या एका बल्बाएवढा भार. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली आणि इन्व्हर्टरची घट वजा केली, तरी सुमारे ४८० वॅट-तास हाती राहतात. म्हणजे बारा तास. बॅटरी जुनी असेल तर काही कमी. पण शाळेची वेळ सहज निभावते. शिवाय छपराखाली, ओलसर भिंतीवर, मुलांच्या हाताशी २३० व्होल्टचा नवा पॉइंट काढण्याची गरज राहत नाही. ही गोष्ट मला नेटपेक्षाही मोठी वाटते.

परंतु चार पथ्ये पाळावी लागतात. पहिले, केबल अस्सल तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिचा रोध सुमारे दीडपट असतो आणि ती लवकर तुटते. तारेचे टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरे दिसले तर ती परत करा. दुसरे, काही स्वस्त इंजेक्टर काही न विचारता सतत २४ किंवा ४८ व्होल्ट सोडत राहतात. चुकीचे यंत्र जोडले गेले तर ते जळू शकते. म्हणून खोक्यावर ८०२.३ हा आकडा आणि त्यापुढे इंग्रजीत एएफ, एटी किंवा बीटी ही अक्षरे आहेत का ते पाहा. तिसरे, स्विचपासून डब्यापर्यंत केबल शंभर मीटरच्या आत ठेवा. चौथे आपल्याकडे फार महत्त्वाचे. विदर्भात विजा कडाडतात. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल हवेतून लटकवू नका. तिथे फायबरच न्या. छपरावरच्या उपकरणाला अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हवाच.

एक गोष्ट मात्र विसरू नये. फायबरचा डबा बॅटरीवर नसेल तर बाकीची सारी सोय व्यर्थ. आणि तालुक्याकडून येणारा फायबरच तुटला असेल तर आपली बॅटरी काय करणार? पण जे आपल्या भिंतीच्या आत आहे, ते तरी आपल्यामुळे बंद पडू नये.

शिक्षकमित्रांना एक सुचवतो. ओहमचा नियम शिकवताना टाकाऊ केबलचा लांब तुकडा वर्गात न्या आणि मल्टिमीटरने तांब्याच्या व मुलाम्याच्या तारेचा रोध मुलांकडून मोजवून घ्या. त्याच मुलांतले कुणी उद्या गावात हे काम करील.

आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे नेटच्या कामाचे पुढचे अंदाजपत्रक येईल तेव्हा तीन प्रश्न विचारा. डब्यांना वीज कुठून येणार? केबल कशाची आहे? लाइन गेल्यावर किती तास चालेल? या तिन्हींची उत्तरे कागदावर लिहून मिळाल्याशिवाय सही करू नका.