पिल्लू सोडू नका, सोपवा



कुत्र्याचं पिल्लू हौसेनं आणलं,
आणि आता सांभाळणं जमत नाहीये?
त्याला रस्त्यावर सोडू नका.
चांगल्या हाती सोपवा.

पाळीव प्राणी वाऱ्यावर सोडणं
प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे.
शिवाय घरात वाढलेलं पिल्लू
गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टिकत नाही हो.

आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.
तीन महिन्यांचं झालं असेल, तर रेबीजची लस द्या.
लसीकरणाचं कार्ड नव्या घरी द्या.

न्यायला येणाऱ्यांना मोकळेपणानं विचारा.
घरमालकाला चालेल का?
दिवसभर घरी कोण असतं?
गावाला गेलात, तर पिल्लू कुणाकडे?
उत्तरं टाळणाऱ्यांना नाही म्हणा.

पुन्हा सांगते,
सोडू नका, सोपवा.

जमलं तर स्वतः पोहोचवा.
त्याचं जुनं अंथरूण सोबत द्या.
ओळखीच्या वासानं ते लवकर रुळतं.