फळीला जागा ठेवा
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रमदान करणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांच्या वतीने चार शब्द. गेल्या वर्षी चतुर्थीच्या सकाळी पूजेचे कपाट उघडेना, हे आपण पाहिलेच. समई, तबके, झांजा आत आणि गुरुजी बाहेर खोळंबलेले. शेवटी दार पहारीने काढावे लागले. ते दार आम्हीच केले होते, तेव्हा चूकही आम्हीच सांगितली पाहिजे.

कपाट सुलतान बाजारातल्या जुन्या घरातून आलेले, आदिलाबादी सागवानाचे. एक दार ओलीने कुजले, म्हणून मे महिन्यात भोईगुड्याच्या वखारीतून सागवान आणून आम्ही नवे केले. भोवती चौकट, मध्ये फळी. नकाशा मिलिमीटरपर्यंत चोख होता. फळी खोबणीत घट्ट बसवून चारही बाजूंनी सरस लावला. नकाशात हवा तेवढी धरायची राहिली!

लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, पण रुंदीत बदलते. मे महिन्यातल्या कोरड्या हैदराबादेतली फूटभर रुंद सागवानी फळी श्रावणाच्या दमट हवेत दोन-तीन मिलिमीटर फुगते. आमच्या फळीला फुगायला जागा नव्हती. तिने चौकटच बाहेर ढकलली, सांधे उघडले आणि दार अडकले.

ज्यांच्या सासऱ्यांनी हे कपाट दिले त्या काकू म्हणाल्या, "आता प्लायवूड लावणार असाल तर कपाट आमच्याकडे परत द्या." त्यांचा शब्द लागला. मग शेजारचे जुने दार नीट पाहिले. बोटाने ढकलली तर त्याची फळी किंचित हलते! तिला सरस नाही, खिळा नाही. इतक्या वर्षांत ते दार कधी अडले नाही, ते यामुळेच.

यंदा त्याच पद्धतीने पुन्हा केले. घरी कोणी करणार असेल तर क्रम लक्षात ठेवावा. दोन्ही उभ्या पट्ट्या एकत्र ठेवून गुण्याने एकदमच खुणा कराव्यात. आधी पटाशीने खाच, मग तिच्या मापाने आडव्या पट्टीच्या टोकाची जीभ, म्हणजे कूस. कूस पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याची. करवत रेघेच्या बाहेरच्या अंगाने चालवावी. उरलेले पटाशीने तासता येते, कापलेले परत येत नाही. चौकट आधी सरसाशिवाय जोडून दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे हवेत. खोबणी 10 मिलिमीटर खोल. काम मे महिन्यात असेल तर फळीच्या दोन्ही कडांना दोन-दोन मिलिमीटर मोकळे ठेवावे. पावसाळ्यात असेल तर अर्धा मिलिमीटर पुरे, कारण तेव्हा फळी आधीच फुगलेली असते. फळीला पॉलिश जोडण्यापूर्वीच करावे, नाहीतर उन्हाळ्यात ती आकसली की कडेला कोरी रेघ दिसते. सरस फक्त चौकटीच्या सांध्यांना.

यंदा चतुर्थीला काकूंनीच कपाट उघडले, एका हाताने. आत समई ठेवताना त्यांनी फळी हलवून पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. आम्हाला तेवढे पुरे झाले.

पुढे ग्रंथालयाची कपाटे करायची आहेत. तरुण मुलामुलींनी रविवारी यावे, हत्यारे आमची.

गणपती बाप्पा मोरया!