मलम आणण्याआधी काचपट्टी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताईंनी केलेलं भाषण)

बचतीचा हिशोब झाला, आता जरा अंगाचा हिशोब बघू.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली ती माहिती छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. बाकीच्या मुकाट्यानं सोसत होत्या. आपलंही तेच. अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, पण आपण जावेलाही सांगत नाही. मेडिकलवरून मलम आणतो अन् गप्प बसतो.

दह्यासारखं घट्ट पांढरं अन् खूप खाज असली, तर बहुतेक बुरशी असते. तिला कॅन्डिडा म्हणतात. पण जिवाणू वाढले किंवा ट्रायकोमोनास नावाचा परजीवी झाला, तरीही पाणी जातं. त्यावर बुरशीचं मलम चालत नाही. परजीवी असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं.

तपासणी सोपी आहे. डॉक्टरीणबाई कापसाच्या काडीनं आतलं थोडं पाणी घेतात. रंग बदलणाऱ्या कागदानं आंबटपणा बघतात. बुरशीत पीएच बहुधा ४.५ च्या आत राहतो, बाकी दोन्हींत बहुतेक वेळा वाढतो. मग काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकतात. त्यात परजीवी हलताना दिसतो. दुसऱ्या थेंबात पोटॅशचं द्रावण असतं. त्यानं पेशी विरघळतात अन् बुरशीचे धागे उघडे पडतात. हे काम काही मिनिटांचं.

काचपट्टीवर बुरशी दिसली नाही, तरी ती असू शकते. त्रास थांबत नसेल, पुन्हा पुन्हा होत असेल, तर कल्चर करायला सांगा. त्यात बुरशी वाढवून तिची जात ओळखतात. दोन-तीन दिवस किंवा जास्त लागतात. सोबत रक्तातली साखरही तपासा, कारण मधुमेहात ही बुरशी वारंवार होते.

जाण्याआधी दोन-तीन दिवस आत मलम, गोळी घालू नका, आतून धुऊ नका. पाळी संपल्यावर जा. दिवस गेले असतील तर आधी सांगा. पोटात दुखतंय, ताप आहे, तर मात्र थांबू नका.

आशाताईंना विचारा, ग्रामीण रुग्णालयात जा, नाहीतर संभाजीनगरला घाटीत. एकटीला लाज वाटत असेल, तर गटातली एक सोबत घ्या. कर्जाला जामीन राहतो आपण एकमेकींना, मग दवाखान्यात सोबत का नाही?