अनशापोटी की शतपावली?



काशीत रामघाटावर माझ्या मामांचे घर आहे. गंगेच्या काठाने भोसले घाटापासून ब्रह्माघाटापर्यंत चालत गेले तर वाटेतल्या गल्ल्यांतून अजूनही मराठी बोल कानी पडतात. भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला. रामघाटाला लागून जटार घाट, पुढे पंचगंगा, मग दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. या भागात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्या मराठीला हिंदीचा थोडा हेल आहे, पण पुरणपोळी आणि गणपती यांना तो लागलेला नाही. रामघाटावरच सांगवेद विद्यालय आहे. पहाटे घाटाच्या उंच पायऱ्या उतरताना त्या बाजूने येणारा वेदघोष ऐकू आला की दिवसाची सुरुवात झाली असे येथील माणसे मानतात.

गेल्या हिवाळ्यात सरकारी कामानिमित्त मला तीन महिने काशीत राहण्याचा योग आला. निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी झाली होती. वजन ८० किलो, कंबर ९८ सेंटिमीटर, आणि रक्तातील साखर अजून मधुमेहात न गेलेली, पण त्याच्या उंबरठ्यावर उभी. दुसऱ्या एखाद्याने हा कागद घडी करून खिशात ठेवला असता. मला ते जमले नाही. माझे वडील मधुमेहाने गेले. अखेरची दोन वर्षे त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हते. वर्तमानपत्र मी वाचून दाखवीत असे. तेव्हा पोटावरची चरबी उतरवणे हा माझ्यापुरता रूपाचा प्रश्न राहिला नव्हता.

मामांनी माझ्या तोंडाकडे पाहून ही चिंता ओळखली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला मला उठवले. मामींनी चहाचे आधण ठेवलेले पाहून ते म्हणाले, "चहा नको. अरे, पोटात अन्न असताना चाललास तर ते अन्नच जळेल. अनशापोटी चाल, म्हणजे शरीराला चरबीला हात घालण्यावाचून गत्यंतर नाही." मामांचे वय ७६. संस्कृतचे निवृत्त अध्यापक. त्यांच्या शब्दाला घरात अपील नाही.

कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याचे मत निराळे होते. व्यायामशाळेत जाणारी मंडळी ज्याला 'कार्डिओ' म्हणतात त्या चालण्या-धावण्याच्या व्यायामात तो तरबेज. तो म्हणे, "साहेब, पोट रिकामे की भरलेले हा प्रश्नच नाही. हळू चाला. हळू चालण्यात चरबी जळते, धावण्यात नुसती साखर जळते." अशा रीतीने एका प्रश्नाचे दोन प्रश्न झाले: अनशापोटी चालावे काय, आणि हळू चालावे काय? माझी मामेबहीण नागपूरला डॉक्टर आहे. तिच्याशी दूरध्वनीवर बोलून आणि मिळेल ते वाचून मी या दोहोंचा माग काढला. तोच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम मामांचा पक्ष. त्यात तथ्य आहे. रात्रभराच्या उपवासानंतर यकृतातील साखरेचा साठा बराच उतरलेला असतो, रक्तातील इन्शुलिनचे प्रमाण कमी असते, आणि अशा वेळी चरबीच्या पेशी आपला ऐवज सहज मोकळा करतात. त्यामुळे न खाता चालणारा माणूस त्या तासापुरती चरबी अधिक जाळतो, हे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. सहकाऱ्याच्या पक्षातही तथ्य आहे. मंद गतीच्या श्रमात इंधनाचा मोठा वाटा चरबीचा असतो. श्रम वाढत जातात तसा साखरेचा वाटा वाढतो.

पण मी सरकारी नोकर आहे आणि माझे अर्धे आयुष्य अंदाजपत्रकात गेले आहे. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकला यावरून वर्षअखेरची शिल्लक ठरत नाही, ही गोष्ट कोणत्याही लेखापालाला सांगावी लागत नाही. सकाळी चरबीच्या खात्यातून जास्त खर्च केला आणि दुपारच्या जेवणात तितकाच भरणा केला, तर शिल्लक जागच्या जागी. उलट न्याहारी करून चाललेल्या माणसाने सकाळी साखर खर्च केली, तरी दिवसाच्या एकूण जमाखर्चात तूट असेल तर ती तूट शरीर पुढे चरबीतूनच भरून काढते. शरीर हे पुनर्विनियोजनात आपल्या वित्त विभागापेक्षा तत्पर आहे.

हा केवळ तर्क नाही. २०१४ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २० निरोगी तरुणींवर एक प्रयोग केला. सगळ्यांना सारखाच बेताचा आहार. आठवड्यातून तीन दिवस, तासभर, एकाच गतीचा व्यायाम. निम्म्या जणी उपाशीपोटी, निम्म्या जणी खाऊन. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचे वजन आणि चरबी उतरली होती, आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. प्रयोग लहान होता, चारच आठवड्यांचा होता. त्याला अंतिम निवाडा म्हणता येणार नाही. परंतु मामांचा 'गत्यंतर नाही' हा शब्द त्यापुढे टिकत नाही, हेही खरे.

मंद गतीचेही तसेच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या रोमिन यांच्या अभ्यासात कसलेल्या सायकलपटूंचे श्रम तीन पातळ्यांवर मोजले होते. अगदी हलक्या श्रमात चरबीचा वाटा सर्वांत मोठा होता हे खरे; पण प्रत्यक्ष सर्वांत जास्त चरबी जळली ती मध्यम श्रमात, कारण तेथे एकूण खर्चच मोठा होता. अतिशय जोराच्या श्रमात ती पुन्हा कमी झाली. रुपयातील बारा आणे मिळाले म्हणून हर्ष करावा, तर शेजाऱ्याला शंभरातील पन्नास रुपये मिळालेले असावेत, तसा हा प्रकार.

आता रकमेविषयी. माझ्या वजनाचा माणूस तासभर ताशी पाच किलोमीटरच्या गतीने चालला तर, नुसता बसून राहिला असता त्याहून, सुमारे २०० उष्मांक अधिक खर्च करतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे तासाभराच्या पायपिटीने फार तर २६ ग्रॅम चरबीचा हिशेब चुकता होतो. आणि काशीची पहाट ही कचोरी-जिलेबीची पहाट! माझ्याबरोबर घाटावर मोठ्या निष्ठेने अनशापोटी चालणारे दोन गृहस्थ परतताना रोज एकाच दुकानाच्या पायरीशी थांबत. रिकाम्या पोटाने मिळवलेले सगळे पुण्य एका द्रोणात बुडून जाई, वर पुढच्या दिवसाचेही काही उचल म्हणून जाई.

कुणी म्हणेल, एवढ्या बारीक हिशेबाची गरज काय? आपण मराठी माणसे काही अवाढव्य नव्हे. याला उत्तर पुण्याहून मिळते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे राहिलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा अंक एकच, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनाचा काटा जे लपवतो ते कमरेचा पट्टा सांगतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर सावध व्हावे, असे आपल्याकडील तज्ज्ञ म्हणतात.

हे सारे मी मामांना समजावून सांगणारच होतो. त्याआधी एक प्रसंग घडला.

द्वादशीची पहाट होती. आदल्या दिवशी मामांची एकादशी; रात्री थोडे दूध घेतलेले. मामांनाही मधुमेह आहे, आणि ते जी गोळी घेत ती शरीरातील इन्शुलिन वाढवणारी होती. ती न्याहारीच्या वेळची. पारण्याच्या गडबडीत विसरायला नको म्हणून त्यांनी ती निघण्यापूर्वीच घेतली. आम्ही राजघाटाच्या दिशेने निघालो. मी त्या दिवशी उत्साहात होतो. पावले भराभर टाकीत होतो, आणि मामा मागे राहायला तयार नव्हते. परतताना पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर ते एकाएकी बसले. धुके पडलेले, अंगावर शाल, आणि कपाळावर घामाचे थेंब. हात थरथरत होते. मी विचारले ते त्यांना कळत होते, पण शब्द नीट उमटत नव्हता. चहावाल्या पोराने माझ्याआधी ताडले. त्याने कपात चार चमचे साखर घालून चहा पुढे केला. मामा घोट घोट घेऊ लागले. पाव तासाने त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "पारणे मोडले का रे?" माझ्याने उत्तर देववले नाही. वडिलांना मी वाचवू शकलो नव्हतो. येथे तर मीच पुढे धावून मामांना ओढत नेले होते.

बहिणीने दूरध्वनीवर आधी मला सुनावले, मग समजावले. "दादा, ज्याला मधुमेहाची गोळी नाही किंवा इन्शुलिन नाही त्याने खुशाल अनशापोटी चालावे, पाणी प्यावे, बरे वाटत नसेल तर थांबावे. पण ज्याची औषधे साखर खाली ओढतात त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिकाम्या पोटी चालू नये. खिशात साखर ठेवावी. बाबांची चरबी जळण्याआधी बाबांची साखरच संपली." मामांच्या डॉक्टरांनी पुढे गोळीची वेळ बदलली, आणि निघण्यापूर्वी काही खाण्यास सांगितले.

आता प्रश्न राहिला तो मामांच्या श्रद्धेचा. ती मोडायची नव्हती. आणि संस्कृत घेऊन एम. ए. केल्याचा मला प्रथमच घरगुती उपयोग झाला. सुश्रुतसंहितेत उपदेश करणारा धन्वंतरी दिवोदास हा काशीचाच राजा. तेव्हा काशीच्या प्रश्नाला काशीचाच ग्रंथ मी उघडला. सुश्रुताने प्रमेहाच्या निर्धन रोग्याला छत्र व पादत्राणांवाचून, भिक्षेवर राहून, शंभर योजने चालावयास सांगितले आहे. जेवलेल्या माणसाने व्यायाम करू नये असेही तो म्हणतो, आणि येथे मामा प्रसन्न झाले. पण तोच सुश्रुत जेवणानंतर थोडे विसावून शंभर पावले चालण्यास सांगतो. आपल्या आज्या जिला शतपावली म्हणत आल्या ती हीच. आणि व्यायाम करावा तो अर्ध्या बळाने. श्वास तोंडाने येऊ लागला की अर्धे बळ सरले असे समजावे. आजचे वैद्य मध्यम गतीची खूण सांगतात ती याच्या जवळचीच: चालताना बोलता यावे, पण भजन म्हणता येऊ नये.

शतपावलीला आजच्या शास्त्राचाही आधार आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले की पायांचे स्नायू रक्तातील साखर उचलून घेतात, आणि जेवणानंतर चढणारी साखर तितकी उंच चढत नाही. माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या माणसाला हा लाभ चरबीच्या २६ ग्रॅमांहून मोलाचा आहे. मामा मात्र एवढेच म्हणाले, "म्हणजे आमची आजी बरोबर होती."

तेव्हा अनशापोटी की खाऊन, मंद की जलद, या वादात माझा कौल असा. चरबी उतरवण्याच्या कामी या दोहोंतील फरक अल्प आहे. खरा फरक पडतो तो ताटात काय वाढले यामुळे, आणि चालणे वर्षभर टिकले की नाही यामुळे. पहाटे न खाता चालणे ज्याच्या प्रकृतीला मानवते आणि ज्याला तीच वेळ मोकळी मिळते त्याने तसे चालावे. दिवसाच्या कामाने गिळंकृत न केलेला तो एकच तास असतो, आणि मला वाटते अनशापोटी चालण्याचे खरे सामर्थ्य यातच आहे. हळू चालण्याचे सामर्थ्यही असेच: ज्याचे गुडघे धावू देत नाहीत तोही ते उद्या पुन्हा करू शकतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते. पावसाळ्यात गंगा घाट गिळते, तेव्हा रामघाटची मंडळी गल्ल्यांतून चालतात; पण चालतात. नियम टिकतो तो असा.

तीन महिन्यांनी मी परतलो तेव्हा वजन ७७ किलो आणि कंबर ९४ सेंटिमीटर होती. एका माणसाचा हिशेब हा पुरावा नव्हे. कचोरी सोडली हेही मला लपवायचे नाही. निघण्याच्या आदल्या रात्री जेवणे झाल्यावर मामा आणि मी घाटावर उतरलो. दूर मणिकर्णिकेचा उजेड दिसत होता. मामा पावले मोजत होते, आणि मी त्यांच्या मागून, त्यांच्याच गतीने चालत होतो. शंभर झाली तेव्हा ते थांबले, आणि म्हणाले, "आता तू मोज."