एक रुग्ण, दोन कार्यक्रम : औषधांच्या आंतरक्रियेचे अर्थकारण



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने औषधांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. कोणते औषध द्यावे, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु दोन चांगल्या शासकीय योजना एकाच माणसाच्या शरीरात एकत्र आल्या म्हणजे काय घडते, हा प्रश्न निश्चितच माझ्या विषयाचा आहे.

एचआयव्हीची बाधा आणि क्षयरोग या व्याधी आपल्या देशात पुष्कळदा एकाच रुग्णात आढळतात. विषाणूमुळे प्रतिकारशक्ती खालावते आणि शरीरात सुप्त असलेला क्षयाचा जंतू डोके वर काढतो. असा रुग्ण रुग्णालयात दाखल झाला की त्याला रिफॅम्पिसीन सुरू होते. क्षयावरील उपचारांचा हा कणाच. मात्र हे औषध यकृतातील काही विकरांचे प्रमाण वाढवते आणि तीच विकरे अनेक विषाणूविरोधी औषधांचे विघटन करतात. परिणामी, गोळी नियमित घेऊनही तिचा रक्तातील अंश घसरतो. लोपिनाविर, अटाझानाविर यांसारख्या प्रोटीएज-रोधक औषधांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक अंश नाहीसा होतो. आज प्रथम पसंतीचे असलेले डोल्युटेग्राविर जवळपास निम्म्यावर येते. रुग्णाला यातले काहीच जाणवत नाही. विषाणूला मात्र अपुऱ्या औषधाशी झुंजण्याची संधी मिळते व त्यातून औषधप्रतिरोध निर्माण होऊ शकतो.

यावरील उपाय ज्ञात आहेत. डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा न देता बारा तासांच्या अंतराने दोनदा द्यावयाची आणि रिफॅम्पिसीन थांबल्यावरही दोन आठवडे तसेच चालू ठेवावयाचे, कारण वाढलेली विकरे पूर्वपदावर येण्यास अवधी लागतो. प्रोटीएज-रोधक औषधे चालू असतील तर रिफॅम्पिसीनऐवजी रिफाब्युटिनचा मार्ग आहे. एका जादा गोळीचा खर्च किरकोळ. ती न दिल्यामुळे पहिल्या श्रेणीचे उपचार निष्फळ ठरले, तर पुढील श्रेणीची औषधे अधिक महाग.

मग उपाय स्वस्त असताना चूक का होते? उत्तर प्रशासनाच्या रचनेत आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. २०२० पासून त्याच्या नावात 'नियंत्रणा'ची जागा 'निर्मूलना'ने घेतली. मोफत एआरटी उपचारांचा आरंभ १ एप्रिल २००४ रोजी झाला. दोन्ही कार्यक्रमांची उपचारपत्रिका वेगळी, नोंदवही वेगळी, औषधभांडार वेगळे. प्रत्येकजण आपल्या यशाचे मोजमाप आपल्याच वहीत करणार, हे ओघाने आलेच. क्षयाच्या औषधाने केलेला तोटा एड्सच्या खात्यात जमा होतो. पिगू यांनी १९२० च्या ग्रंथात ज्या बाह्य परिणामांची चर्चा केली, त्यांचे याहून नेमके उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल. (कारखान्याच्या धुराचे उदाहरण परीक्षेत सर्वच लिहितात.)

या दरीवर पुढे पूल बांधले गेले. क्षयरुग्णांची एचआयव्ही तपासणी होऊ लागली, एआरटी केंद्रातच क्षयाची औषधे मिळू लागली. ही सुधारणा मोलाची आहे. पण तिचा लाभ त्या दोन कार्यक्रमांपुरताच मर्यादित राहतो. मधुमेहाचे मेटफॉर्मिन डोल्युटेग्राविरसोबत रक्तात वाढते, म्हणून त्याची मात्रा मर्यादित ठेवावी लागते. ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियमयुक्त आम्लनाशके विषाणूविरोधी गोळीचे शोषण रोखतात. रिकाम्या पोटी घेतलेल्या लोहाच्या गोळ्यांनीही तेच होते. यांपैकी लोहाची गोळी रक्तक्षयाविरुद्धच्या तिसऱ्याच योजनेतून येते, तर आम्लनाशक कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीविना येते.

याहून अवघड प्रश्न गोपनीयतेचा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार न्यायालयाच्या आदेशाविना कोणासही आपली बाधा उघड करण्याची सक्ती करता येत नाही. माझ्या मते हे संरक्षण आवश्यकच आहे. त्याविना लोक उपचारांपासूनच दूर राहतील. परंतु रिटोनाविर घेणारा रुग्ण अर्धशिशीसाठी दुसऱ्या विभागात गेला, लाजेपोटी गप्प राहिला आणि त्याला अर्गोटामाइन दिले गेले, तर रक्तवाहिन्या आकुंचन पावून हातापायांची बोटे गमावण्याची पाळी येऊ शकते. असममित माहितीची किंमत येथे रुग्ण स्वतःच्या देहाने मोजतो. खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर निदान असलेच पाहिजे असे नाही; औषधांची संपूर्ण यादी मात्र उपचार करणाऱ्यांच्या हाती हवी, आणि ती सांगताना अपमान होणार नाही असा विश्वास रुग्णाला हवा.

जपानमध्ये १९९३ साली नागिणीवरील सोरिव्हुडिन हे विषाणूविरोधी औषध बाजारात आले. पहिल्या चाळीस दिवसांतच १५ रुग्ण दगावले. ते कर्करोगासाठी फ्ल्युरोयुरासिल गटातील औषधे घेत होते आणि नव्या औषधाने त्यांचे विघटन रोखल्याने ती शरीरात विषासारखी साचली. हे मृत्यू त्वरित मोजता आले. रिफॅम्पिसीनमुळे हळूहळू निष्फळ ठरणारा उपचार असा डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्याची नोंदही दुर्लक्षित राहते. आपला औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याची उपयुक्तता रुग्णालयातून कोणीतरी अहवाल पाठवण्यावर अवलंबून असते. तो कोणी पाठवावा? शेकडो रुग्ण तपासणाऱ्या निवासी डॉक्टरकडून ही अपेक्षा ठेवणे अवास्तव आहे. २००८ च्या नियमांनुसार सुरू झालेला फार्म. डी. अभ्यासक्रम रुग्णशय्येजवळ काम करणारे औषधतज्ज्ञ घडवतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशा तज्ज्ञाचे एक पद निर्माण करण्याचा खर्च आणि टळलेल्या द्वितीय श्रेणी उपचारांची बचत यांची तुलना वित्त विभागाने करून पाहावी. हे गणित फारसे अवघड नाही.